हजेरीपट आणि आजारी मूल

शाळेचा हजेरीपट हे मोठे अबोल पुस्तक आहे. 'हजर' आणि 'गैरहजर' ह्या दोन खुणांपलीकडे त्यास भाषा ठाऊक नाही. जे मूल वर्गात येऊन बसले ते हजर, जे आले नाही ते गैरहजर. आणि गैरहजर राहिलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी वडिलांची चिठ्ठी आणली, की 'प्रकृती ठीक नसल्यामुळे' ह्या तीन शब्दांत सर्व प्रकरण मिटते. ताप, पोटदुखी, गोवर, कांजिण्या अशा येऊन जाणाऱ्या दुखण्यांपुरती ही व्यवस्था पुरी पडते. परंतु काही मुलांचे दुखणे येऊन जाणारे नसते. ते त्यांच्याबरोबरच शाळेत येते, त्यांच्याबरोबरच बाकावर बसते आणि शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबरच घरी जाते. मधुमेह, दमा, अपस्मार, हृदयाच्या झडपांचे विकार, थॅलॅसेमिया, हिमोफिलिया, कमरेखालील अंगाचे लुळेपण, ही त्या सोबत्यांची काही नावे. अशा मुलास 'आजारी' म्हणून घरी ठेवावे, तर त्याचे सारे बालपणच घरी जाईल. आणि 'बरे' समजून इतरांच्या रांगेत उभे करावे, तर एखादे दिवशी जिवावर बेतेल. हजेरीपटास हे तिसरे मूल ठाऊक नाही. शाळेस ते कसकसे ठाऊक होत गेले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा इतिहास फार जुना नाही, आणि त्याचे काही महत्त्वाचे धागे आमच्या करवीर नगरीतून गेलेले आहेत.

पहिला धागा कागलचा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे आरंभीचे शिक्षण कागल व कोल्हापूर येथे झाले आणि १८८१ साली कोल्हापुरातूनच ते मॅट्रिक झाले. थोरल्या बंधूंनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी पत्करली म्हणून धाकट्याचे शिक्षण पुरे झाले, ही हकीकत वाचकांस ठाऊक असेलच. घरच्या अडचणीने शिक्षण कसे तुटते, हे ज्याने बालपणी जवळून पाहिले, त्यानेच पुढे १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांनी सरकारच्या संमतीने आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेत येणे सक्तीचे करावे, असा त्याचा आशय होता. विधेयक सौम्य होते, तरीही १९१२ च्या मार्च महिन्यात ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

ह्या विधेयकात सक्तीस काही अपवाद ठेविले होते. मूल आजारी असेल, घरची अडचण असेल, शेतीचा हंगाम असेल, तर मुलास शाळेत न धाडण्यास ती योग्य सबब समजावी, अशी ती योजना होती. ही कल्पना गोखल्यांची एकट्याची नव्हे. इंग्लंडातील १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यातही आजारपण ही अशीच मान्य सबब होती. अपवादामागील बुद्धी दयेची होती, ह्यात शंका नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या बापास दंड करणे हा न्याय नव्हे. परंतु ह्या दयेची दुसरी बाजू त्या काळी कोणाच्या ध्यानात आली नाही. जे मूल चार दिवस आजारी, त्यास चार दिवसांची सूट; मग जे मूल जन्मभर आजारी, त्यास किती दिवसांची? कायद्याच्या तर्काने त्यास जन्मभराची सूट मिळाली. सूट ह्या गोड शब्दाखाली अनेक मुले शाळेच्या दाराबाहेर राहिली. त्यांस कोणी हाकलले नव्हते. त्यांस बोलाविलेच नव्हते, इतकेच.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. गोखले स्वतः मधुमेही होते. त्या काळी ह्या रोगावर पथ्यापलीकडे उपाय नव्हता. तरीही १९१२ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कमिशनाचे काम अंगावर घेतले आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळीस वर्षांचे असताना, ते निवर्तले. त्यांच्या आजारास कोणी कामातून सूट मिळण्याची सबब मानले नाही. त्यांनी स्वतः तर मुळीच मानले नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत 'आजार सांभाळून काम' हे सूत्र आपण सहज स्वीकारतो. मुलाच्या बाबतीत मात्र 'आजार बरा होऊ दे, मग शाळा' असे म्हणतो. जो आजार बरा होणारच नाही, त्याच्याविषयी हे वाक्य किती निष्ठुर आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा धागा शाळेत वैद्य कसा शिरला, हा आहे. आजारी मुलाच्या कळवळ्याने तो आला असता तर बरे झाले असते. परंतु तो आला भीतीपोटी. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढील काही वर्षांत तो कोल्हापूर संस्थानातही पसरला. शाहू महाराजांस राज्याधिकार मिळून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. गावे मोकळी करणे, माळावर झोपड्या उभारणे, आजाऱ्यांस वेगळे काढणे ह्या साऱ्या त्या काळच्या आठवणी घराघरांतून पुष्कळ वर्षे सांगितल्या जात. अशा दिवसांत शाळेचे आजाराशी एकच नाते असे: आजारी मूल हे इतरांस धोका, म्हणून त्यास दूर ठेवावे. साथीच्या रोगापुरते हे बरोबरच होते. परंतु ही सवय रोग ओळखून थांबली नाही. अपस्माराचा झटका संसर्गाने येत नाही, मधुमेह स्पर्शाने जडत नाही. तरीही अशा मुलांशेजारी आपले मूल बसवू नये, असे म्हणणारे पालक आजही भेटतात. प्लेग गेला, प्लेगाने शिकविलेली भीती मागे राहिली.

इंग्लंडात १९०७ च्या कायद्याने शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. तिच्या मागेही निव्वळ वात्सल्य नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होऊ पाहणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळ जण शरीराने अपात्र ठरले, आणि राष्ट्राचे बळ शाळेतच खचते आहे, ह्या जाणिवेने तेथील राज्यकर्ते जागे झाले. हिंदुस्थानात हे पाऊल प्रथम टाकण्याचा मान बडोद्यास जातो. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९०९ साली बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. जोवर शाळेत येणे ऐच्छिक असते, तोवर दुबळी मुले आपोआप गळतात आणि शाळेस ती दिसत नाहीत. सक्ती आली, की सर्वांची मुले येतात आणि सर्वांचे आजारही त्यांच्याबरोबर येतात. आधी सक्ती आणि मागोमाग वैद्य, हा क्रम म्हणूनच स्वाभाविक आहे.

परंतु बडोद्यात पडलेली ठिणगी देशभर पसरली नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा शाळांतील आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीतच आणि जेथे आहेत तेथे त्या अगदी अविकसित आहेत, असाच तिचा निष्कर्ष होता. स्वातंत्र्यानंतर १९६० साली रेणुका राय ह्यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्याविषयी समिती नेमली गेली आणि तिने पुढील वर्षी आपल्या शिफारशी दिल्या. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातील उणिवा आणि वाढीतील विलंब ह्या चार गोष्टी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधून काढण्याचा हा उपक्रम. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, आणि कित्येक मुलांचे हृदयविकार त्यांच्यामुळे वेळीच उघडकीस येतात. हे काम मोलाचे आहे. तथापि तपासणी वेगळी आणि सांभाळ वेगळा. तपासणीचा दिवस वर्षातून एक; आजार मात्र उरलेले सर्व दिवस शाळेत येतो. त्या उरलेल्या दिवसांचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर पथकाच्या गाडीतून येत नाही. ते वर्गातच शोधावे लागते.

हा प्रश्न पूर्वी इतका तीव्र का नव्हता? पूर्वी मुलांस असे आजार नव्हते, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. खरे कारण अधिक दुःखाचे आहे. आजार होते; मुले उरत नव्हती. बालवयात होणारा मधुमेह हा शरीरातील इन्सुलिन जवळजवळ नाहीसे झाल्याने होतो. १९२२ पूर्वी हा रोग जडलेले मूल बहुधा वर्षा-दोन वर्षांत जाई. कडक उपासाच्या पथ्याने थोडे दिवस वाढत, एवढेच. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरंटो शहरी लेनर्ड टॉमसन ह्या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनची पहिली सुई टोचण्यात आली. ते औषध पुरेसे शुद्ध नव्हते. दुसरा, अधिक शुद्ध केलेला अंश २३ जानेवारीस दिला गेला आणि मुलगा सुधारू लागला. त्याच वर्षी ६ मे रोजी शाहू महाराज मुंबईत निवर्तले. म्हणजे ज्या राजाने प्रत्येक मुलास शाळेत आणण्याचा ध्यास घेतला, त्याच्या हयातीत मधुमेही मूल शाळेची वर्षे पुरी करू शकेल, ही गोष्टच जगात संभवनीय नव्हती.

इतर रोगांचीही हीच कथा. अपस्मारावर फेनोबार्बिटोन १९१२ साली उपयोगात आले. हृदयाच्या झडपा बिघडविणाऱ्या सांधेवाताच्या तापास तीन-चार आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या सुईने आळा बसू लागला. दम्याचे औषध मोजून फवारणारे खिशातील यंत्र १९५६ साली बाजारात आले. थॅलॅसेमियाची मुले नियमित रक्त मिळू लागल्यामुळे वाढू लागली. उलट काही आजार शाळेतून निघूनही गेले: पोलिओचा हिंदुस्थानातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश त्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तात्पर्य, जन्माचा आजार घेऊन शाळेत बसलेले मूल हे वैद्यकाच्या अपयशाचे नव्हे, यशाचे चिन्ह आहे. वैद्यकाने त्यास जगविले. त्यास शिकविण्याचे उरलेले अर्धे काम शाळेचे, आणि शाळेचे पाऊल वैद्यकाच्या मागे पडले आहे.

आता तिसरा धागा, आणि हाच सर्वांत बळकट. कोल्हापूरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले; त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह झाले; १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली; १९०८ साली, त्या काळी अस्पृश्य म्हणविल्या जाणाऱ्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघाले; आणि पुढे जाती-जमातींची आणखी कितीतरी. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. ह्या सर्व कार्यामागील विचार आमच्या मते असा होता: मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा मानू नये, त्याच्या वाटेत काय आडवे पडले आहे ते पाहावे आणि ते उचलून बाजूस ठेवावे. गाव दूर असेल तर राहण्याची जागा, जेवण मिळत नसेल तर जेवण, जात आड येत असेल तर तिचा अडसर काढणारा हुकूम.

ह्या विचाराचा पुढचा टप्पा अधिक बोधप्रद आहे. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांसाठी असलेल्या स्वतंत्र शाळा बंद केल्या आणि त्या मुलांस इतरांबरोबर एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. स्वतंत्र सोय ही आरंभाची गरज असते. परंतु तीच कायम राहिली तर ती सोय न राहता भिंत होते, हे त्या हुकुमाचे मर्म. आजारी मुलाचा प्रश्नही नेमका ह्याच दोन पायऱ्यांनी चढावा लागतो.

ह्याचे उदाहरण कोल्हापुरातच घडले. नसीमा हुरजूक ह्यांचे कमरेखालील शरीर ऐन सोळा-सतराव्या वर्षी लुळे पडले. अशाच अवस्थेत स्वतःचा उद्योग सांभाळणाऱ्या बाबूकाका दिवाण ह्यांच्या भेटीने त्यांस धीर आला. त्यांनी पदवी घेतली, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली रजनी करकरे-देशपांडे ह्यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साथीने 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था कोल्हापुरात उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांस परिचित आहे. ह्या संस्थेने कोल्हापुराजवळ उचगाव येथे अपंग मुलांसाठी 'घरौंदा' हे वसतिगृह चालविले, आणि तेथेच 'समर्थ विद्यामंदिर' ही शाळा काढली, जीत अपंग मुले व इतर मुले एकत्र शिकतात. आधी वसतिगृह, मग एकत्र शाळा: शाहू महाराजांच्या कार्याचा जो क्रम, तोच येथेही दिसतो, आणि करवीरच्या परंपरेस तो शोभण्यासारखा आहे.

ज्यांनी हे काम दुरून पाहिले असेल त्यांस वाटेल, की अशा मुलांस चाकाची खुर्ची दिली आणि पायऱ्यांऐवजी उतार केला, म्हणजे झाले. वस्तुतः मज्जारज्जूस इजा झालेल्या मुलाचा खरा प्रश्न पायांचा नसतो. त्यास कमरेखाली स्पर्शाची जाणीव नसते. एकाच जागी बराच वेळ बसल्यास कातडीवर जखम होते आणि ती दुखत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ठराविक वेळाने अंग उचलून भार हलवावा लागतो. लघवी कळत नाही, म्हणून घड्याळ पाहून ठराविक तासांनी ती काढावी लागते. त्यात हयगय झाली तर मूत्रपिंडास अपाय होतो. म्हणजे ह्या मुलाच्या शरीराचे एक वेळापत्रक आहे आणि शाळेचे दुसरे. दोन्हींचा मेळ घालावयाचा तर खुर्ची आत जाईल इतके रुंद दार असलेला स्वच्छ संडास आणि 'आता जा' असे न मागता म्हणणारी बाई, ह्या दोन गोष्टी लागतात. पहिलीस पैसा लागतो. दुसरीस केवळ समजूत. पुष्कळ शाळांत दुसरीचाच तुटवडा अधिक असतो.

परंतु खुर्ची निदान डोळ्यांस दिसते. जे आजार दिसत नाहीत त्यांची गोष्ट अधिक अवघड. कल्पना करा, सहावीच्या वर्गात एक मधुमेही मुलगी आहे. सकाळी तिने इन्सुलिन टोचून घेतले आहे. तिसऱ्या तासास तिचे लक्ष उडते, हात थरथरतात, कपाळास घाम येतो, विचारलेल्या प्रश्नाचे ती भलतेच उत्तर देते. गुरुजींस वाटते, मुलगी बेपर्वा आहे. ते तिला उभे करतात. वास्तविक तिच्या रक्तातील साखर उतरली आहे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे तिच्याजवळ थांबावे, साखर पुन्हा तपासावी आणि मग डब्यातील घासभर खाऊ घालावा, एवढ्याने बहुधा भागते. तिला एकटीला पाणी पिण्यास धाडू नये; ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि तत्काळ दवाखाना गाठावा. एवढी माहिती असणारा आणि नसणारा शिक्षक ह्यांतील अंतर काही वेळा जीव आणि मृत्यू ह्यांतील अंतर ठरते. तसेच अपस्माराचे. झटका आलेल्या मुलास कांदा किंवा वहाण हुंगविणे, तोंडात चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे हे आपल्याकडील सर्व उपचार निरर्थक, आणि काही तर घातक आहेत. भोवतालचे बाक सरकवावे, मुलास कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर वैद्यकीय मदत बोलवावी. दम्याच्या मुलाचे फवाऱ्याचे यंत्र त्याच्या दप्तरात असावे. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असेल आणि किल्ली शिपायाकडे असेल, तर ते नसल्यासारखेच.

ह्यावर शिक्षक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही, की आम्ही शिकवावे की औषधे पाजावीत? वर्गात पन्नास-साठ मुले. त्यात कागदपत्रे, मोजण्या, परीक्षा. आणि उद्या काही बरेवाईट झाले तर बोट आमच्याकडेच. ही भीती खरी आहे. तिच्यामुळेच काही शाळा अशा मुलास 'तुमच्याच भल्यासाठी' दुसरी शाळा पाहण्याचा सल्ला देतात. परंतु भीतीवर उपाय अज्ञान हा नव्हे. शिक्षकाने वैद्य व्हावे, असे कोणी म्हणत नाही. त्याने चारच गोष्टी कराव्यात: मुलास काय आहे ते जाणावे, त्यास लागेल ते वर्गात करू द्यावे, धोक्याची लक्षणे ओळखावीत, आणि कोणास बोलवावे हे माहीत असावे. ह्या चार गोष्टी एका कागदावर लिहिता येतात. इंग्लंडात २०१४ च्या कायद्याने आजारी विद्यार्थ्यांच्या सांभाळाची व्यवस्था करणे हे शाळाचालकांचे कर्तव्य ठरविले, आणि तेथे प्रत्येक गरजू मुलासाठी पालक, शाळा व वैद्यक ह्यांनी मिळून असाच एक कागद तयार करण्याची पद्धत आहे. जबाबदारी कागदावर वाटली गेली, की ती एका शिक्षकाच्या डोक्यावर उरत नाही. शिक्षकाचे खरे संरक्षणही त्यातच आहे.

आपल्याकडील कायद्याची स्थिती संमिश्र आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेतून काढण्यास बंदी केली. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. त्यांत हिमोफिलिया, थॅलॅसेमिया व सिकल सेल हे रक्ताचे विकारही आले, आणि अशा मुलांस वाजवी सोयी देणे हे बंधन झाले. मधुमेहाचे नाव मात्र त्या एकवीसांत नाही. २०१७ साली केंद्रीय माध्यमिक मंडळाने मधुमेही परीक्षार्थींस साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी परीक्षेच्या दालनात नेण्याची मुभा दिली. २०२३ साली राष्ट्रीय बालहक्क आयोगाने अशा मुलांस वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे आणि वैद्याने सांगितलेल्या वेळी खाऊ द्यावे, असे राज्यांस कळविले. त्यावरून उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी आपल्या शाळांस तशा सूचना दिल्या. गोखल्यांच्या विधेयकात आजार ही न येण्याची सबब होती. शंभर-सव्वाशे वर्षांनी ती येण्याची सोय मागण्याचा आधार होत आहे. अंतर मोठे आहे. परंतु परिपत्रक आणि वर्ग ह्यांच्यामध्ये जो मैल असतो, तो अद्याप चालावयाचा आहे.

दोष एकट्या शाळेचा नाही, हेही सांगितले पाहिजे. आपण मध्यमवर्गीय पालक मुलांचे आजार लपवितो. आणि मुलीचे तर हटकून लपवितो, कारण दहा-बारा वर्षांनी येणाऱ्या स्थळाची चिंता आपणांस आजच्या तिसऱ्या तासाहून मोठी वाटते. मुलगी मग मधल्या सुट्टीत संडासात लपून सुई टोचून घेते, किंवा टोचतच नाही. ज्या गोष्टीची आई-बापांस लाज वाटते, ती सांभाळण्याचे धैर्य अकरा वर्षांच्या मुलीने कोठून आणावे? सर्व वर्गास सांगावे असे आमचे म्हणणे नाही. कोणास किती सांगावे हे मुलाच्या इच्छेने ठरावे. परंतु वर्गशिक्षकापासून लपविणे हे मुलाच्या सुरक्षिततेशी खेळणे आहे. दुसरे, पूर्ण हजेरीचे बक्षीस हा अनेक शाळांचा अभिमानाचा विषय. थॅलॅसेमियाचा मुलगा दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घेण्यासाठी थोरल्या दवाखान्यात किंवा अन्यत्र जातो. त्याच्या हजेरीपटावरील प्रत्येक रिकामे घर म्हणजे जिवंत राहण्यासाठी खर्ची पडलेला एक दिवस आहे. त्यास बक्षीस न मिळाले तरी चालेल; आळशाच्या पंक्तीत त्यास बसवू नये, आणि त्या दिवशीचा धडा त्यास कोणीतरी सांगावा.

कोल्हापूर हे तालमींचे शहर. १९१२ साली बांधून झालेले खासबाग मैदान आजही त्याची साक्ष देते. बलदंड शरीराचे येथे एवढे कौतुक, की दुबळ्या मुलास येथे अधिकच संकोच वाटत असावा, असे परक्यास वाटेल. परंतु तालमीचे अंतरंग ज्यास ठाऊक आहे, तो वेगळे सांगेल. तालमीतील वस्ताद सर्व मुलांस एकच खुराक आणि एकच मेहनत देत नाही. कोणाचा दम किती, कोणाचा खांदा निखळलेला, कोणी काल उपाशी आला, कोणास आज जोर काढू द्यावयाचे नाहीत, हे त्यास वहीत न पाहता ठाऊक असते. आणि जायबंदी झालेल्या पठ्ठ्यास तो तालमीतून काढून देत नाही, हौद्याच्या कडेस बसवून डाव पाहावयास लावतो. खुराक, मेहनत आणि विसावा ह्यांचे माप राखणे, हेच मधुमेही मुलाचेही सारे शास्त्र आहे. जी दृष्टी आमच्या वस्तादांनी मातीत कमावली, ती आमच्या शाळांनी वर्गात आणावी, एवढेच मागणे आहे. जून महिन्यात शाळा उघडते, हजेरीपट नवा होतो, नावे लिहिली जातात. त्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक वर्गशिक्षकाने पालकांस एक प्रश्न विचारावा: 'आपल्या मुलाविषयी मला काय ठाऊक असावयास हवे?' आणि पालकांनी त्याचे खरे उत्तर द्यावे. खर्च एका कागदाचा आहे.